भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची

मागांच्या कारखान्यात बोलणं कानांनी ऐकायचं नसतं, डोळ्यांनी वाचायचं असतं. सगळे माग एकदम धडधडत असताना चार ओळी पलीकडचा माणूस काय म्हणतो, ते आम्ही नवागाम वस्तीतले खानदेशी कामगार त्याच्या ओठांवरून ओळखतो. त्या मंगळवारी रमेश दारातूनच म्हणाला, "भटू, बाई गई." मला स्वच्छ दिसलं. तरी आयुष्यात पहिल्यांदा मी ओठांवर विश्वास ठेवला नाही. त्याचा दंड धरून त्याला बाहेर ओढलं आणि ओरडलो, "जोरमा बोल!" त्याची बायको माझ्या लेकीला शिकवणाऱ्या लिमयेबाईंच्या सोसायटीत धुणीभांडी करते. सकाळी चहा गाळता गाळता बाई कोसळल्या, डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं... शनिवारी तर त्यांनी मला दारापर्यंत येऊन दटावलं होतं! दीड महिना झाला, अजून मला ते खरं वाटत नाही.

माझी पूजा जन्मली तेव्हा तिच्या टाळूला भेग होती. पाजलेलं दूध नाकातून यायचं. प्लेगच्या साथीत सगळं शहर पळालं तेव्हा आम्हीही खानदेशात गावी गेलो होतो, तिथून परतल्यावर तिची टाळू शिवून घेतली. तेव्हा ती तीन वर्षांची होती. टाके सुकले की पोरगी घडाघडा बोलेल, या समजुतीत मी गल्लीभर पेढेही वाटले. डॉक्टरांनी लिमयेबाईंकडे पाठवलं, कारण मुलांना बोलायला शिकवणं हाच त्यांचा पेशा. बाई म्हणाल्या, "टाळू दुरुस्त झाली, सवय नाही. हवा अजून नाकातून निसटतेय." मी ऐटीत सांगितलं, "पण आम्हाला तिचं सगळं कळतं." बायकोनंही री ओढली, "माले तं सगळं समजस."

बाईंनी एक खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. "बसा. आता ऐका." शाळेत शिक्षा व्हायची तसं मला बसवलं, म्हणून मी मनातून चिडलो. पाठीमागे पूजा काहीतरी बोलली. नुसता नाकातला आवाज... एक शब्द कळेना. वळून पाहिलं, ती तेच पुन्हा म्हणाली आणि लगेच कळलं. बिचारी पाणी मागत होती. "भटूभाऊ, तुम्ही तिचं बोलणं ऐकत नाही, बघता," बाई म्हणाल्या. "शिकवणाऱ्या बाई फळ्याकडे वळल्या तर ती काय करेल?" माझ्याच लेकीचा आवाज मी तोवर कधी ऐकला नव्हता.

मग दर शनिवारी आमची वारी सुरू झाली. नाकाखाली आरसा धरायचा, त्यावर वाफ आली की शब्द पुन्हा म्हणायचा. घरी आम्हा दोघांना हुकूम होता, पाठ करूनच ऐकायचं. बायको भाकरी थापताना चुलीकडे तोंड करून ऐकायची. पूजाला सगळ्यात जड जायचं ते स्वतःचं नाव. गेल्या वर्षी शाळेत गुरुजींना तेच कळलं नाही आणि त्यांनी आम्हाला परत पाठवलं. शेवटच्या शनिवारी बाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी मी पाठ करून बसते. नाव, गाव, सगळं न अडखळता सांगायचं. मग खुशाल शाळेत न्या. आणि आरसा विसरू नका, आळशी माणसा!"

तो शनिवार आलाच नाही. तेराव्याला गेलो, तर त्याच खुर्चीवर हार घातलेला बाईंचा फोटो. पूजा सरळ पुढे गेली आणि तिनं फोटो भिंतीकडे फिरवला. मी हात उगारलाच होता, तेवढ्यात ती ताठ उभी राहून बोलली, "माझं नाव पूजा भटू पाटील. मी नवागामला राहते."

बाईंचे यजमान खिडकीतून बाहेर बघत उभे होते. आमची त्यांची जेमतेम तोंडओळख. न वळताच ते म्हणाले, "नवागामची पूजा पाटील... कळलं, बाळ." मला रडू आवरेना. फोटो सरळ करायला मी पुढे झालो, तर म्हणाले, "राहू द्या."

फोटो अजून तसाच भिंतीकडे तोंड करून आहे, असं रमेशची बायको सांगते.