भिंत सरकली की नाही

आमच्या कॉलेजातल्या लेसर स्कॅनिंगच्या सीनियरइतका रागीट माणूस गिरगाव ते परळ शोधूनही सापडणार नाही. त्याला माणसांपेक्षा छातीठोक सांगितलेल्या आकड्यांचा राग जास्त. कुणी नुसतं 'साडेतीन मीटर' म्हटलं की त्याचे कान लाल होतात. "आणि मोजताना कितीने चुकलास, ते तुझा काका सांगणार?" गिरगावातल्या शिंप्याला त्याने बाही तीनदा मोजायला लावली. तिन्ही मापं वेगळी आली, तेव्हा तो इतका खूश झाला की शिंप्याने त्याला हाकलूनच दिलं.

माझ्या घरात कॉलेज पाहिलेला मीच पहिला. त्यामुळे भोईवाड्यातल्या आमच्या चाळीची मागची भिंत सरकतेय का, हे मोजायला मी मोठ्या अभिमानाने त्याला नेलं. मालकाला चाळ रिकामी हवी होती, आम्हाला राहायचं होतं. लाकडी गॅलरीत तिपाईवर स्कॅनर लावून तो ओरडला, "कुणी हलायचं नाही! तुम्ही चालता, मशीन डोलतं आणि भिंत फुकट बदनाम होते!" शेजारच्या काकी भरलेली बादली धरून जागच्या जागी शिव्या घालत उभ्या. हा तीच भिंत पुन्हा पुन्हा स्कॅन करतोय. ओल, तिरका पडणारा किरण, आमची पावलं, सगळं धरून आपलं मोजणं कितीने हुकतंय ते काढतोय.

मालकाने गेल्या वर्षी करून घेतलेल्या स्कॅनशी फरक निघाला चार मिलिमीटर. मोजणी बघायला आलेला मालकाचा माणूस खूश. "सरकली ना? लिही, धोकादायक."

सीनियर कडाडला, "माझं मोजणंच सहा मिलिमीटर इकडेतिकडे होतंय! चारावर लोकांना घराबाहेर काढता?"

आम्ही टाळ्या वाजवल्या. तो आमच्यावरच उखडला. "टाळ्या कसल्या? सरकली नाही असं म्हटलं का मी?"

आता मीही भडकलो. "अरे, मग आम्ही करायचं काय?"

आई मध्ये पडली. "रे झिला, भिंत पडतली काय नाय, तां एकच सांग."

तो पहिल्यांदाच हळू बोलला. "नाही माहीत, काकू. पुन्हा येऊन मोजतो. पण तुमचा पलंग आजच त्या भिंतीपासून हलवा." आणि स्वतःच एक बाजू उचलली.

पुढे त्याला नागपुरात नोकरी लागली. येतो येतो म्हणतो, अजून आलेला नाही. पलंग अर्धा दारात आहे. येता-जाता प्रत्येकाचा गुडघा त्यावर आपटतो आणि प्रत्येकजण त्याला शिव्या घालतो. पलंग परत भिंतीला लावू या, असं मात्र अजून कुणी म्हटलेलं नाही.