मरायला वेगळं मशीन

प्रमाणपत्र नसलेल्या माणसाला वाचनालयाची समिती खुर्ची देत नाही. सोल्डरताईला तर स्टूलही मिळालं नाही. तिने ते घरून आणलं.

ही बाई सोल्डरचा, म्हणजे डाग द्यायचा, दांडा घेऊन मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करते; नाव त्यावरूनच पडलं. धाकटी बहीण जन्मापासून आंधळी, कायद्याच्या शेवटच्या वर्षाला. परीक्षेला महिना उरलेला, आणि तिची पुस्तकं ब्रेलमध्ये छापणारं यंत्र एकच, वाचनालयातलं. तिथे नवा कॉम्प्युटर आला आणि यंत्राची वाचा बसली. बनवणारी कंपनी केव्हाच बुडालेली. यंत्र चालवणारं मॉड्यूल, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, जाऊन बसणारा छोटा प्रोग्राम, जुन्या काळातलं. नवा कर्नल त्याला दारात उभं करेना. समितीने लगेच ठराव टाइप केला: यंत्र निरुपयोगी, भंगारात काढावं. शुक्रवारी मंजुरी. नव्या यंत्राचं पुढच्या वर्षी बघू म्हणे. डोळस माणसांना पुढचं वर्ष फार जवळ दिसतं.

मी त्यांचा शेजारी; समितीला चार अर्ज दिले, दोनदा दारात बसलो. सोल्डरताईने फक्त दोन टाकाऊ कॉम्प्युटर मागितले आणि यंत्र मागच्या खोलीत नेलं. एका कॉम्प्युटरचा सर्व्हर केला: लिनक्स, लिहिलेलं मशीनच्या भाषेत बांधणारा कंपायलर, आणि कर्नलच्या हेडर फायली, म्हणजे मॉड्यूल ज्यावर बेतायचं ती त्याची मापं. मॉड्यूल लिहायचं आणि बांधायचं तिथे. दुसरा नुसता चाचणीला.

समितीचा सल्लागार एकदा डोकावला. गळ्यात ओळखपत्र, तेही घरातून निघतानाच घातलेलं.

"दोन मशीन कशाला, बाई? आम्ही सगळं एकावरच करतो."

"कर्नलमध्ये चूक झाली की अख्खं मशीन आडवं होतं, साहेब. हे लिहायला, ते मरायला."

"शिकलात कुठे?"

"मारून मारून. आतापर्यंत अकरा वेळा मेलंय. वहीत लिहिलंय."

तो हसला. असल्या हसण्याचा पगार मिळतो त्याला.

गुरुवारी, बाराव्या खेपेला, मशीन मेलं नाही. यंत्राने खडखडत एक ओळ छापली. बहिणीने बोट फिरवलं आणि म्हणाली, "ताई, एक ठिपका जास्त पडतोय." तोही संध्याकाळपर्यंत गेला.

शुक्रवारी यंत्र वाचनालयाच्या कॉम्प्युटरला जोडलं. समिती खुर्च्यांवर, आम्ही तिघं भिंतीला. सोल्डरताई म्हणाली, "आधी इथला कर्नल कोणता ते बघू द्या. त्याच आकड्याच्या हेडरवर मॉड्यूल पुन्हा बांधावं लागतं."

सल्लागाराला श्रेयाची घाई. तिच्या सर्व्हरवरची तयार फाईल त्याने आधीच पेनड्राइव्हवर उचलली होती. लावली. कर्नलने नकार दिला: आवृत्ती जुळत नाही.

"काही नाही, जबरदस्तीने बसवता येतं," म्हणत त्याने तशी आज्ञा दिली.

पडदा गोठला. माऊस हलेना, कीबोर्ड दाद देईना. सभासदांची अर्धी भरलेली यादी आतच राहिली.

अध्यक्षांनी बोट दाखवलं ते सोल्डरताईकडे. "बघा, म्हणून भंगारात काढत होतो."

माझं डोकं फिरलं. तोंड उघडणार तोच तिने माझा हात दाबला. "दादा, तुमचं भाषण नंतर. आधी काम."

तिने मशीन पुन्हा चालू केलं, कर्नलचा आकडा वहीत उतरवला. त्याच्या हेडर फायली सर्व्हरवर घेतल्या, मॉड्यूल नव्याने बांधलं, आधी मरायच्या मशीनवर तोच कर्नल चढवून तपासलं. पाऊण तास. समितीने तेवढ्यात दोनदा चहा मागवला. मग तिने फाईल इथे आणून बसवली. कर्नलने मुकाट्याने घेतली.

"छापायला काहीतरी द्या," ती म्हणाली.

मशीन पुन्हा चालू झाल्यावर समितीने त्यावर मंजुरीसाठी एकच कागद उघडून ठेवला होता. तिने तोच पाठवला. यंत्र खडखडलं, जाड कागद बाहेर आला. बहिणीने तो मांडीवर घेतला आणि बोटांनी मोठ्याने वाचू लागली:

"सदर यंत्र पूर्णपणे निरुपयोगी असून..."

"पुरे, पुरे," अध्यक्ष म्हणाले. "ठराव मागे घेतला."

"थांबा ना," बहीण शांतपणे म्हणाली. "खाली तुमची सगळ्यांची नावं आहेत. तीही वाचते."