काकींची शिडी

आमच्या धान गिरणीचा आणि पिकअप गाडीचा विमा एकाच महिन्यात संपतो. यंदा नवी पॉलिसी देण्याआधी विम्याचा माणूस पाहणीला आला, तेव्हा माझी तयारी झालेली होती. कोंड्याचा ढीग गिरणीच्या मोटारीपासून अकरा फुटांवर असायचा, तो मी पंचवीस फुटांवर नेला होता. वाळूच्या आठ बादल्या, फिरत्या पट्ट्यांवर जाळ्या, दारापाशी पाणी साचायचं तिथे खडबडीत फरशी. तो टेप लावायचा आणि मी आधीच सांगितलेला आकडा निघायचा. मला फार बरं वाटत होतं.

मग तो पिकअपच्या मागे गेला. "ही शिडी पोती चढवायला?"

"नाही," मी म्हणालो. "काकींसाठी."

शेजारच्या काकींनी सत्तरी ओलांडली आहे, गुडघे दुखतात. दर महाशिवरात्रीला आमच्या आळीतल्या तेवीस बाया याच पिकअपमधून मार्कंड्याच्या जत्रेला जातात. बसची पायरी काकींना चढवत नाही, म्हणून मीच गाडीला चार पायऱ्यांची शिडी जोडून घेतली होती. तीही मी सुरक्षेतच धरायचो.

"भाऊ, ही मालाची गाडी," तो म्हणाला. "यात बसलेल्या बाईला लागलं तर विमा काही देणार नाही. भरपाई तुमच्या अंगावर. आणि तिला लागलेलं ते लागलंच."

बादल्या मी मोजल्या होत्या. या तेवीस जणी माझ्या हिशेबात कधी आल्याच नव्हत्या. शिडी त्याच दिवशी काढली आणि काकींना सांगायला गेलो.

"काऊन रे? तुया पोत्याइले विमा आहे, अन् मले नाई?"

"गाडीच मालाची आहे, काकी."

"मंग मले पोत्यात घाल अन् तोंड शिव!"

सोबत आलेली माझी बायको पदरात तोंड लपवून हसत होती. मी म्हणालो, आख्खी एसटी ठरवतो.

"अन् त्या पायरीवर मले कोण उचलन? तू?" मग हळूच म्हणाल्या, "जाऊ दे. तुमी या जाऊन. मी राह्यतो घरी."

ते ऐकवलं नाही. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन डेपोत गेलो.

"भाऊ, पायरी चोरून राह्यले का?" ड्रायव्हरने विचारलं.

जमिनीपासून पहिली पायरी सतरा इंच. माझ्या शिडीची एकेक पायरी नऊ इंचांची. शिडीचंच लोखंड कापून नऊ इंच उंचीचा रुंद चौरंग करून घेतला. खाली रबर, बाजूला धरायला दांडा.

महाशिवरात्रीला आळीसमोर बस लागली. मी दारापुढे चौरंग ठेवला. काकींनी आधी टाच आपटून पाहिली. "हालत नाई ना?" दांडा धरला, एक पाय, दुसरा पाय, आणि त्या आत. खिडकीतून ओरडल्या, "चढलं पोतं!"

मग बाकीच्या बावीस जणी, गरज नसलेल्याही, चौरंगावरूनच चढल्या. मी चौरंग पिकअपमध्ये टाकला, शिधा आणि पाण्याच्या पिंपांशेजारी, आणि उतरतानाही तो लावायचा, तर बसच्या आधी मार्कंड्याला पोहोचायचं म्हणून गाडी पुढे काढली. मागून तेवीस जणींचं गाणं येत होतं. सर्वांत वरचा सूर काकींचा होता.