गाभडलेली बकरी

मला पाचवा महिना होता. माझी मावशी मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी राहते. घरामागे पत्र्याच्या आडोशाला तिने तीन दुभत्या बकऱ्या पाळल्यात. डेंग्यूची साथ आली की लोक बकरीच्या दुधासाठी लांबलांबून तिच्या दारात येतात. त्या वर्षी तिचा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून मी घाटकोपरहून रविवारी मदतीला जायची.

अशाच एका रविवारी तांबडी बकरी अचानक कळा द्यायला लागली. दिवस भरले नव्हते. मावशी एका हाताने काय करणार? मीच खाली बसले. पहिलं करडू मेलेलं आलं. दुसरं मुठीएवढं, वाळलेलं, चॉकलेटी. ते कधीचं पोटातच मेलं असावं. मी दोन्ही उचलून गोणपाटावर ठेवली. वार पडली तीही उघड्या हाताने उचलली.

संध्याकाळी गुरांचे डॉक्टर आले. गोणपाट उघडून त्यांनी वार बघितली, तिच्यावर पांढरे ठिपके होते. मग विचारलं, "याला हात कोणी लावला?"

"मी."

त्यांची नजर माझ्या पोटाकडे गेली. 

"ताई, हात साबणाने धुतलेत ना?"

"धुतले. का?"

"एक परजीवी असतो. मांजराच्या विष्ठेतून चाऱ्यात येतो. बकरीला वरून काही होत नाही, पण तो पोटातल्या करडात उतरतो. तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. पण बाईमाणसातही तो आईकडून बाळाला जाऊ शकतो. उद्याच तुमच्या डॉक्टरांना भेटा."

चाऱ्याच्या गोणीवर मावशीची मांजर झोपायची, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. "मीच बोलावलं गो तुला," मावशी म्हणाली. मला तिची समजूत घालायला हवी होती. मी पुन्हा हात धुतले, कोपरापर्यंत.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "काही होणार नाही गं, तू उगाच घाबरतेस." पण जेवताना त्याचा घास हातातच राहिला. मी आडवी झाले की डोळ्यांपुढे ते वाळलेलं करडू यायचं. बाळ हललं की जिवात जीव यायचा, आणि थोडा वेळ हललं नाही की मी पोटावर हात ठेवून श्वास रोखून पडायची.

पहिल्या रक्ततपासणीत त्या परजीवीच्या खुणा सापडल्या. ते ऐकताच मी खुर्चीवरून उठले. माझ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थांब, पूर्ण ऐक. परवा लागण झाली असती तर इतक्यात रक्तात दिसली नसती. ही जुनी असावी, कदाचित लहानपणची. तशी असेल तर बाळाला धोका नसल्यासारखाच. खात्रीसाठी काही आठवड्यांनी पुन्हा रक्त बघू; खुणा वाढल्या तर नवी, नाहीतर जुनीच."

दुसऱ्या तपासणीपर्यंतचे आठवडे मी कसे काढले ते मलाच ठाऊक. मावशी रोज फोन करायची, आणि बकरीचं नाव न काढता फक्त विचारायची, "जेवलीस ना?" बकरीच्या तपासणीत गुरांच्या डॉक्टरांचा संशय खरा निघाला, हे तिने मला नाही, नवऱ्याला सांगितलं.

दुसऱ्या वेळी रक्तातल्या त्या खुणांचं प्रमाण वाढलेलं नव्हतं. लागण जुनीच होती. डॉक्टरीणबाई हसल्या, नवऱ्याने तोंड फिरवून डोळे पुसले. मी मात्र अहवाल पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

मुलगी दिवस भरून झाली. हा परजीवी बाळाचे डोळे बिघडवतो असं वाचलं होतं, म्हणून माझ्या हट्टापायी तिचे डोळेही तपासून घेतले, ते स्वच्छ होते. मावशीने मांजरीला गोठ्यात यायला मज्जाव केला, चारा झाकणाच्या पिंपात गेला. तांबडी पुन्हा गाभण राहिली तेव्हा मी विचारलं, "तिला ठेवलीस?"

"तिचा काय दोष?" मावशी म्हणाली.

दोष नव्हताच. तरी ती विईपर्यंत मी मुलीला घेऊन तिकडे फिरकले नाही.