शवघरासमोरचा सब्जा

तालुक्याच्या दवाखान्यात मी औषधं देतो. तिथल्या सफाईवाल्या बाई दरवर्षी शवघरासमोरच्या उघड्या मातीत सब्जा पेरतात. बारीक बी राखेत कालवून भुरभुरवतात, वरून हातानं पाणी शिंपडतात. दोनेक महिन्यांत माती दिसेनाशी होते, तुरे येतात आणि वास माझ्या खिडकीपर्यंत पोचतो. बाई फारशा बोलत नाहीत, पण सब्ज्यावर पाय पडला तर डॉक्टरांनाही सोडत नाहीत. "रस्ता तिकडून हाये ना, साहेब?"

परवा साप चावून गेलेल्या एका माणसाची बायको तिथं उभी होती. आत शवविच्छेदन चाललं होतं. थोड्या वेळानं ती सब्ज्यातच बसली. मग मुठी भरभरून रोपं उपटायला लागली.

मी धावत बाहेर गेलो. सफाईवाल्या बाई शवघराच्या दाराशीच उभ्या होत्या. "बाई, तुमचा सब्जा!"

"उपटू द्या तिले, भाऊ," बाई म्हणाल्या. "इथी ज्याइले थांबा लागते, त्याइच्यासाठीच तं पेरला."

चपला काढून बाई रोपांतूनच गेल्या आणि तिच्याजवळ बसल्या. मयत बाहेर आणेपर्यंत दोघी तिथून उठल्या नाहीत.