कोपरीचे रिमवाले काका

कोपरीत जुन्या मोटरसायकलींची चाकं, म्हणजे रिमला स्पोक जोडून, बांधणारे एक काका आहेत. इतकी वर्षं जातोय, पण त्यांचं नाव मी कधी विचारलेलं नाही. चाक समोर आलं की ते टायर उतरवतात, रिमच्या आतून उघडं बोट फिरवतात आणि “बघू” एवढंच म्हणतात.

बाबा गेल्यावर त्यांची मोटरसायकल मी पुन्हा रस्त्यावर आणायची ठरवली. लहानपणी दर रविवारी कोलशेतच्या घराच्या अंगणात आम्ही दोघं त्या रिमा पुसायचो. आता त्या गंजून तांबूस झालेल्या.

“फक्त चमकवून द्या, काका.”

पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून काका पुढची रिम घासू लागले. अर्धी उजळली, आणि मला बाबांचा तो रविवारचा खुशीचा चेहरा आठवला. तेवढ्यात काकांनी स्पोकच्या भोकापाशी स्क्रू ड्रायव्हर टेकवून दाबला. तो सरळ आरपार गेला.

“अहो, काय केलंत! बाबांची आहे ती!”

“मागे कोण बसणार?”

“मुलगी.”

“मग? वरून चमकली असती, पण आतून सडलीय. एखाद्या खड्ड्यात फुटली असती ना!”

मला राग आलेला, पण नवी रिम टाकायला सांगितली. काकांनी नव्या रिमसाठी माप घेतलं. मग तीच भोक पडलेली रिम पुन्हा मांडीवर घेऊन ते घासायला लागले.

“आता कशाला?” मी विचारलं.

“घरी न्याल ना? अर्धी गंजलेली कशी देऊ?”