दुसऱ्या बाई

दुसऱ्याच्या मुलुखात न विचारता शिरून तिथे ठाण मांडण्यात रोमन सैन्यानंतर इंग्लंडात कुणी नाव काढलं असेल, तर ते आमच्या शाळेतल्या दुसऱ्या बाईंनी. 'दुसऱ्या' अशासाठी, की त्यांना स्वतःचा वर्ग नव्हता. लंडनमधल्या हॅरोच्या बाजूला असलेल्या आमच्या प्राथमिक शाळेत घरी इंग्रजी न बोलणारी मुलं ढिगाने येतात आणि त्या मुलांना इंग्रजीत उभं करणं हे बाईंचं काम. त्यामुळे प्रत्येक वर्गात एक वर्गशिक्षक आणि शिवाय, त्याची इच्छा असो वा नसो, दुसऱ्या बाई. मी मूळचा पुण्याचा, त्या नागपूरच्या, माझ्याहून पुष्कळ मोठ्या. माझ्या वर्गात पहिल्यांदा आल्या तेव्हा दार वाजवण्याच्या भानगडीत न पडता सरळ आत शिरल्या, मुलांच्या इवल्याशा खुर्चीत स्वतःला कसंबसं बसवलं आणि भर वर्गात मला मराठीत म्हणाल्या, "चालू दे तुझं. फसलास की मी आहेच."

त्यांचं म्हणणं साधं होतं. वर्गात पुढच्या आठवड्यात काय शिकवणार हे आज कळलं, तर त्यातले अवघड शब्द, चित्रं, वस्तू सगळं तयार ठेवता येतं, आणि नवं पोर पहिल्या दिवसापासून सगळ्यांबरोबर तोच धडा शिकतं. पण इंग्रज मास्तर एक वेळ आपला टूथब्रश उसना देईल, धड्याचं प्लॅनिंग दाखवणार नाही. यावर बाईंनी शोधलेला उपाय म्हणजे सांबारवडी. दर गुरुवारी मधल्या सुट्टीत त्या कोथिंबिरीचं सारण भरलेल्या गरम वड्यांचा डबा स्टाफरूममध्ये उघडायच्या, समोरच्याचं तोंड भरलं की विचारायच्या, "सो, व्हॉट आर वी टीचिंग नेक्स्ट वीक?" तो 'वी' ऐकून भल्याभल्यांचा घास अडकायचा. आमच्यात एक स्कॉटिश गृहस्थ होते, वर्षानुवर्षं कुणाशी 'मॉर्निंग'पलीकडे न बोललेले. तिसऱ्या वडीला ते शरण आले आणि त्या उन्हाळ्यात बाईंबरोबर व्हायकिंग शिकवताना कागदी शिंगं लावून वर्गभर नाचले. "शी इज अ मेनेस," म्हणजे ताप आहे ही बाई, असं ते मला फार प्रेमाने म्हणायचे, डब्यातली शेवटची वडी उचलता उचलता.

बाईंची शिकवण्याची तऱ्हाही जगावेगळी. दोन शिक्षकांनी मुलांसमोर एकमेकांशी बोलायचं. एकाने शहाणं व्हायचं, दुसऱ्याने मठ्ठ. मठ्ठपणा कायम बाईंकडे, कारण "तुला जमत नाही रे, तुझ्या चेहऱ्यावर पुणं दिसते." भाषा नुसती विचारून येत नाही, दोन माणसं खऱ्या तळमळीने बोलताना ऐकून येते, ही त्यांची श्रद्धा. मग आम्ही वर्गात भांडायचो. मैदानावरचं डबकं कुठे गेलं, या विषयावर एकदा आमची अशी जुंपली की काही विचारू नका. कुणीतरी ते प्यायलं, असं बाईंचं म्हणणं. मी वाफेबद्दल सांगतोय आणि बाई टेबलावर थापा मारून "देन हू ड्रँक इट?" म्हणून ओरडताहेत. नेमक्या त्या वेळी आमच्या हेड, म्हणजे मुख्याध्यापिका, काचेतून आत डोकावल्या. दोन भारतीय शिक्षक मुलांदेखत हमरीतुमरीवर आलेत, एवढाच अर्थ त्यांना लागला. काय चाललंय हे आत येऊन विचारलं असतं तर कळलं असतं. पण इथे सभ्य माणसं आत येत नाहीत, नोंद करून ठेवतात.

हेडनी आणखी क्षणभर थांबायला हवं होतं. आमच्या वर्गात झोहरा नावाची अफगाण मुलगी होती. सप्टेंबरात आल्यापासून तिने एक शब्द उच्चारला नव्हता. माझा धीर सुटत चालला होता, पण तिला बोलायला लावायला बाईंची सक्त मनाई. "ऐकून राहिली न पोट्टी? मग गोळा करून राहिली ती. सांडंल तेव्हा सांडंल." तर त्या दिवशी बाईंचा मठ्ठपणा झोहराला असह्य झाला. ती उभी राहिली आणि कपाळावर आठ्या घालून म्हणाली, "नो! द सन टेक इट." बाईंनी टाळ्या नाही वाजवल्या, शाबासकी नाही दिली. ती रोजच बोलत असावी तशा सुरात, माझ्याकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या, "ओह, द सन 'टुक' इट! व्हाय डिडन्ट ही टेल मी?" आणि मग रंगाच्या बाटल्या आणायच्या निमित्ताने कपाटाच्या खोलीत गेल्या, त्या बऱ्याच वेळाने नाक लाल करून बाहेर आल्या. बाटल्या आणल्याच नव्हत्या.

नव्या वर्षात पैशाची ओढाताण निघाली. शाळांमध्ये ती निघाली की सगळ्यात आधी न बोलणाऱ्यांचं काढून घेतात. हेडनी ठरवलं की एका वर्गात दोन शिक्षक ही चैन आहे. नव्या मुलांनी रोज सकाळी कॉरिडॉरमधल्या टेबलावर बसायचं, कानाला हेडफोन, समोर टॅबलेट. बाईंनी त्यांच्यावर नजर ठेवायची तयारी दाखवली, तर त्यांची नोकरी राहील. मीटिंगला वड्या खाल्लेली सगळी तोंडं हजर होती, त्यातलं एकही उघडलं नाही. स्कॉटिश गृहस्थ कॉफीच्या मगाच्या तळाशी काहीतरी शोधत होते. मी उठून बोललो. हेडनी माझ्या 'पॅशन'बद्दल आभार मानले. या देशात पॅशनबद्दल आभार मानले की समजावं, विषय संपला. बाई एवढंच म्हणाल्या, "आय डोन्ट टीच आउटसाइड द डोअर." आणि राजीनामा दिला.

मी त्यांच्यावर चिडलो. कार पार्कमध्ये गाठून म्हटलं, "बाई, अहो कॉरिडॉर तर कॉरिडॉर! तुम्ही तिथे असलात तरी पुरे होतं." त्यांनी डबा गाडीत ठेवला. "माह्या आजोबाला मास्तर दाराबाहेर बसवत होते," त्या म्हणाल्या. "बसायचं पोतं घरून न्या लागे. प्रश्न आतल्याच पोट्ट्यांना विचारत. आजोबाला उत्तर येत असून कोणी विचारलं नाही. मी एवढी शिकली, इतक्या दूर आली, तेच पोतं पुन्हा अंथरायसाठी का?" जयभीम म्हणून त्यांनी गाडी सुरू केली.

आता त्या मिल्टन कीन्सला लेकीकडे असतात. इथे कोटांच्या खुंट्यांखाली ते टेबल आलं. माझ्या दारासमोरच. झोहरा रोज सकाळी तिथे बसते. मी दार उघडं ठेवतो. ते आग अडवणारं दार आहे, बंद ठेवा, अशी मला समज मिळाली आहे. आग नेमकी कुठे लागली आहे, हे सांगायला मी गेलो नाही. परवा मी सावल्या शिकवत होतो. दुपारी सावली एवढीशी का होते, असं विचारलं. आत एकही हात वर नाही. आणि बाहेरून आवाज आला, "बिकॉज द सन इज ऑन टॉप ऑफ यू." सगळ्या माना दाराकडे वळल्या. झोहराने हेडफोन गळ्यात उतरवून ठेवले होते. म्हणजे रोजच ती आमचं ऐकत होती.

संध्याकाळी मी मोठ्या उत्साहाने बाईंना फोन केला. साग्रसंगीत सांगितलं. वाटलं, खूश होतील.

"उत्तर बरोबर होतं न?" त्यांनी विचारलं.

"अगदी बरोबर."

"मंग पोट्टी बाहेर काहून आहे?"

फोनमधून कपबशीचा आवाज आला, नातवंडाचं काहीतरी इंग्रजीत बोलणं आलं. मला वाटलं, आता ठेवतील. पण बाईंनी घसा साफ केला आणि अगदी हळू, पहिल्यांदाच परवानगी मागावी तसं विचारलं, "बरं... पुढच्या आठवड्यात काय शिकवतो आपण?"

मी प्लॅनिंग उघडलं आणि सोमवारपासून वाचायला लागलो.